बुधाजीची बंदूक

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

टोपीची निघाली! चष्मा पुसून पुन्हा पाहिलं — टोपीचीच.

सकाळी तेल्हाऱ्याकडच्या एका गावातून श्याम नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. "मॅडम, तुमी जुन्या बंदुका ओळखता म्हणे." ओळखते बापा. शाळेत पदार्थविज्ञान शिकवत होते तेव्हापासूनचं हे खूळ, निवृत्तीनंतर पूर्णवेळ झालं. अमरावतीत लोक मला मागून बंदूकबाई म्हणतात हेही ठाऊक आहे.

त्यांच्या देवघरात एक इंग्रजी बंदूक आहे. त्यांचा पूर्वज बुधाजी — त्यानं म्हणे १८०३ साली अडगावच्या लढाईत ती गोऱ्या शिपायाच्या हातून हिसकली आणि सात गोरे लोळवले. गावानं बुधाजीच्या नावाचा दगड कोरून घेतलाय. दसऱ्याला उघडायचा. पण श्यामचे वडील नत्थुजी, ऐंशीच्या पुढचे, अडून बसलेत. जाणकाराचा शब्द आल्याशिवाय दगडावरचं कापड काढायचं नाही. तो जाणकार म्हणजे मी.

आणि श्यामनं पाठवलेल्या फोटोत काय, तर घोड्याखाली टोपी बसवायचं बोंड! तांब्याच्या टोपीवर घोडा आपटून बार उडवायची रीत १८०३ मध्ये कोणत्याच पलटणीत नव्हती. तेव्हा सगळा कारभार चकमकीचा. गारगोटी पोलादावर घासायची, ठिणगी पडायची, दारू पेटायची. म्हणजे निदान वीस वर्षांचा घोळ आहे.

वकीलसाहेबांना सांगितलं. (जन्माचा नवरा, पण मी त्यांना हेच म्हणते.) म्हणाले, "मग कळव की. पुरावा नाही तर केस नाही."

नाही कळवलं. एवढी काय घाई आहे.

१५ सप्टेंबर

फोटो मोठा करकरून पाहत होते. चापाच्या पट्टीवर तीन गोल ठिपके. गंज नाही, डाग नाही — बुजवलेली भोकं! म्हणजे इथं आधी चकमकीचा सगळा संसार होता. तो काढला, भोकं बुजवली, वर टोपीचं बोंड बसवलं. त्या काळी हे सर्रास करत. नवी बंदूक घेण्यापेक्षा जुनीला नवं नाक बसवणं स्वस्त.

म्हणजे मूळची चकमकीची. म्हणजे १८०३ ची असूही शकते.

या आनंदात भाजी करपली. वकीलसाहेबांनी ती मुकाट्यानं खाल्ली. पुराव्याबद्दल आज काही बोलले नाहीत.

२१ सप्टेंबर, रविवार

जाऊन आले. पाय भरून आलेत, पण आजच लिहिलं पाहिजे.

अकोल्याच्या स्टँडवर श्याम घ्यायला आला होता. आधी जुन्या शहरात शिरून घटाचं सामान घेतलं, मग गाडी काढली. त्याचे डोळे लाल. म्हटलं तब्येत बरी नाही का? "तब्येतीले काय झालं. जागलीवर होतो. डुकरं तुरीत घुसून राहिली ना." मचाणावर बसून फटाके फोडतो म्हणे. पहिला फटाका ऐकून पळतात, चौथ्याला बघतही नाहीत.

बंदूक देवघरात दोन खुंट्यांवर आडवी. बोटभर शेंदूर, तेलानं काळा पडलेला. पूजेची म्हणून ठाण्यात नोंद आहे. मी हात पुढे केला तर नत्थुजी म्हणाले, "नाही, बाई. फक्त खंडेनवमीले खाली उतरते. मंगच हात."

म्हातारा उंच, ताठ, गळ्यात तुळशीची माळ. माळकरी घर. म्हणून बंदुकीला बोकड नाही, पुरणपोळीचा नैवेद्य.

मी नळीच्या वरच्या बाजूला नुसती नजर लावून बसले. खुणा तिथंच असतात — कारखान्याच्या, तपासणीच्या. एकही नाही! आरशासारखी गुळगुळीत. नत्थुजी खूश होऊन सांगत होते, "पाहा कशी चकाकते! चिंच न् राख लावून घासतो दरसाल. आजा घासे, बाप घासे, मी घासतो." तीन पिढ्यांनी भक्तीनं पुरावा घासून काढला. मला रडू यायचं बाकी होतं.

"तुमी काहून तोंड पाडून राहिल्या, बाई?"

सांगितलं. म्हटलं, एक जागा उरलीय. नळी लाकडी दस्त्यात बसलेली असते, तिच्या पोटाशी चिंच पोचत नाही. तीन आडव्या खिळ्या काढल्या की नळी उचलून पाहता येईल. त्यांचा चेहराच बदलला. "देवाले उघडं करता?" आणि उठून आत गेले.

निघताना मात्र बाहेर ओसरीपर्यंत आले. म्हणाले, "गावात पाटील होते, देशमुख होते. जमिनी त्यायच्या, वाडे त्यायचे. आमच्याजोळ काय होतं? बुधाजी होता. मले खोटा बुधाजी नाही पाहिजे. पण खरा निघाला पाहिजे, बाई."

आता हे एका वाक्यात दोन्ही कसं मागतात, ते त्यांनाच ठाऊक.

एक गंमत राहिली. देवघरात लोखंडाचे दोन पीळ एकमेकांत गुंतलेली बोटभर वस्तू आहे. नागपंचमीला तिला दूध घालतात. सुभद्राबाई, श्यामची आई, म्हणाल्या, "हा आमचा नागोबा. बंदुकीसंगच आला." मला ते कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतंय. आठवत नाही. चिडचिड होते.

२२ सप्टेंबर

घट बसले. सगळी आरती म्हटली, डोक्यात नळीचं पोट.

२६ सप्टेंबर

सुभद्राबाईंचा फोन. नवऱ्याला काय म्हणाल्या तेही सांगितलं — "देवाले आंघोळ घालता, त काय वरूनच घालता? पाठ नाही धुवा लागत त्याची?" नत्थुजी कबूल! खंडेनवमीला नळी काढायची. पण अट घातली: जे निघन ते चारचौघांत सांगाचं. कानात नाही.

वकीलसाहेब म्हणाले, "म्हातारा वकील व्हायचा होता." मी येडीसारखी, परवानगीआधीच, दोन दिवसांपासून खिळ्या काढायचा पितळी ठोकळा घासतेय.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

क्रमानं लिहिते.

बंदूक पाटावर घेतली. मी आधी गज मागितला. गज म्हणजे दारू ठासायची लांब काठी. ठासणीच्या बंदुकीचं पहिलं काम हेच: गज तोंडातून आत सोडायचा, कुठवर जातो ते पाहायचं, मग तो बाहेरून नळीला लावून ताडून पाहायचं. ताडून पाहिलं. गज चार बोटं आधीच थांबतो.

पुन्हा सोडला. पुन्हा तिथंच.

"नत्थुजी," म्हटलं, "ही भरलेली आहे."

कोणाला कळेना. तेवढ्यात सुभद्राबाई कापराची वडी घेऊन आल्या. आणि ठेवणार कुठं, तर टोपीच्या बोंडावर! "हा देवाचा डोळा. कापूर इथंच लावाचा रायते." दरसाल. समोर घरातली सगळी लेकरं बसवून. मी अशी ओरडले की शेजारचे धावत आले. वर्गात कधी ओरडले नाही इतकी.

सगळ्यांना बाहेर काढलं. श्यामला पोलीस पाटलांकडे पाठवलं, ते आले आणि अंगणाच्या टोकाला उभे राहिले. वकीलसाहेबांना फोन. फोनवर हसले नाहीत, हे विशेष. नळीच्या तोंडातून पाणी भरून बंदूक गोठ्याच्या भिंतीशी उभी केली. दारू भिजली की मेली.

उडाली का नाही इतकी वर्षं? बोंडाचं भोक पाहिलं. तेल आणि शेंदूर जाऊन जाऊन आत दगड झालाय. ज्या शेंदराला मी दहा दिवस शिव्या घातल्या, त्यानंच हे घर राखलं.

आणि रिकामा गज हातात घेऊन बसले होते, त्याच्या टोकाला आटे दिसले. तेव्हा एकदम आठवलं! नागोबा! तो नागोबा नाही — अडकलेला बार बाहेर ओढायची पिळाची आकडी आहे. गजाला लावली तर आट्यात आटा बसला. सुभद्राबाई म्हणाल्या, "घ्या! नागोबाले कामाले लावलं तुमी." एवढ्या धास्तीतही हसू आलं सगळ्यांना.

आज मुक्काम इथंच. उद्या उघडायची.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी अंगणात निम्मं गाव.

आधी बार काढला. आकडी आत फिरवली, ओढली. कापसाचा बोळा आला, सरकीसकट. मग दारूचा काळा चिखल. मग काही नाही.

नत्थुजी जवळ येऊन बसले. "गोळी?"

"नाही."

"छर्रे?"

"नाहीत. नुसती दारू आणि कापूस. आवाजाचा बार."

मग खिळ्या ठोकून काढल्या आणि नळी उचलली. पोटाशी लोखंड जसंच्या तसं, आणि त्यावर ठसा: मुकुट, त्याखाली फुलीसारखे दोन राजदंड. फुलीच्या खाचांत अक्षरं. हा ठसा मी झोपेतही ओळखीन. बर्मिंगहॅमच्या तपासणीघराचा. तिथं प्रत्येक नळी जादा दारू भरून उडवून पाहायचे, टिकली तर ठसा. ते घर सुरू झालं १८१३ साली. आणि लढाई १८०३ ची.

दहा वर्षं. मला वाटलं, जिभेला कुलूप लागावं. पण अट होती, चारचौघांत. म्हणून उभं राहून सगळं सांगितलं. ही त्या लढाईत नव्हती. असूच शकत नाही. पुढे कधीतरी कोणीतरी विकत घेतली असेल, नंतर टोपीची करून घेतली.

मागून श्यामच म्हणाला, हळू, "म्हंजे जागलीचा बार व्हय हा. डुकरं हाकलाचा. मी फटाके फोडतो, थ्यो हे फोडे."

एक-दोघं हसले. नत्थुजी उठले आणि घरात गेले. दगडावरचं कापड काढलंच नाही. चौकात तसाच झाकलेला. त्याच्यावर काय कोरलंय ते श्यामनं दाखवलं होतं: 'बुधाजी, सात गोऱ्यांचा काळ'.

निघताना म्हाताऱ्यानं मला सोनं दिलं. आपट्याची पानं हातावर ठेवली, वर पाहिलं नाही. मी पाया पडले. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं, आणि माझा स्वतःचा रागही आला, खरं बोलून.

३ ऑक्टोबर

वकीलसाहेब: "घाल आता त्या खरेपणाचं लोणचं." दिवसभर बोलले नाही त्यांच्याशी.

४ ऑक्टोबर

सुभद्राबाईंना फोन केला. "बुढा जेवते, झोपते. बोलत नाही. काल सांजेपासून त जागलीवर हाये. श्यामले घरी पाठवलं न् स्वतः मचाणावर बसला. या वयात!"

तो बोळा डबीत घालून आणलाय मी. भिंगाखाली पाहिला. कापूस आखूड धाग्याचा, आपल्याच इकडचा जुना. अंगठ्यानं दाबून बसवलेला खळगा अजून तसाच आहे. म्हणजे एका संध्याकाळी बुधाजीनं, किंवा त्याच्या पोरानं, बार भरला आणि उडवायची वेळच आली नाही. का? आजारी पडला? मेला? हे कोणत्याच ठशावरून कळणार नाही. सतावत राहणार मला.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

श्यामनं फोटो पाठवला, मागोमाग फोन केला. दगड उघडा. जुनी अक्षरं छिन्नीनं काढलीत, खाली नवी कोरलीत: 'बुधाजी. रातभर जागले. कोणाले मारलं नाही.' नळीत यंदाच्या पहिल्या वेचणीचा कापूस भरून बंदूक पुन्हा खुंटीवर. रिकामा देव टांगत नाहीत म्हणे.

कोणाला मारलं नाही, हे एका बारावरून सिद्ध होत नाही. शंभर बारांपैकी एक पाहिला आपण. मी तोंड उघडणारच होते, तर नत्थुजींनी फोन हातात घेतला.

"बाई, मी मचाणावर बसून पाह्यलं तीन रात्री. तिथं बराबर बसते बुधाजी. तुमच्या सनावळीत बसते का आता?"

बसतं, म्हटलं.