गुरुवारचे केस

सोम. ३ नोव्हें.
दादाकडे गाझियाबादला येऊन दीड महिना झाला. मिरज, पुणे, इंदूर, आता हे. आज कंपनीच्या मॅडमने डेमोची पेटी दिली. त्यात कोरडा शाम्पू, म्हणजे झाकणाला भोकं असलेल्या डब्यात पांढरी पावडर, आणि केस चकाकायला इवल्या बाटलीत तेलासारखं काहीतरी. दारोदार जाऊन विकायचं. मॅडम म्हणे, "तुम्हारे बाल ही तुम्हारी दुकान हैं." २२ तारखेपर्यंत तीस डबे खपले तर नोकरी पक्की.

जेवताना दादा: "ह्या वेळी टिकली नाहीस तर मिरजेचं तिकीट मी काढतो. आईनं तिकडे बघून ठेवलंय."

काय बघून ठेवलंय ते विचारलं नाही.

बुध. ५
स्वतःवर प्रयोग. बोअरचं पाणी इतकं जड की आज धुवावेत, उद्या केसांचा काथ्या. पावडर भसाभस ओतली. वहिनी म्हणाली, "गिरणीतनं दळण घेऊन आलीस का गं?" विंचरून काढण्यात अर्धा तास. दुपारी परत. मान खाली, केस पुढे सोडून, मुळांशी चिमूट चिमूट, दहा मि. थांबून विंचरले. हलके झाले एकदम. बाटलीतले दोन थेंब फक्त टोकांना. तिसरा घातला की संपलं, भज्याचा घाणा.

गुरु. ६
बादली भरून डोक्यावर तांब्या ओतणार, तेवढ्यात खालून अम्माजी. घर तिचं, टाकी तिची, म्हणून पाणीही तिचंच. "बृहस्पतिवार को सिर नहीं धोते. घर की बरकत जाती है." वहिनी म्हणाली, "आमच्या पुण्यात नाही बाई असलं काही." पण हळूच म्हणाली.

पावडर लावून निघाले. मधेच एका नव्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये बराच वेळ वर-खाली केलं. आरसा आहे आत. एकही डबा गेला नाही. संध्याकाळी परत येताना मात्र लक्षात आलं. ज्या ज्या बाईने दार उघडलं, तिचे केस डोक्याला चप्प. अख्ख्या कॉलनीत आज कुणी धुतलेले नाहीत. म्हणजे गुरुवार हाच माझा विक्रीचा वार.

शनि. ८
नोएडाची बस पकडायची होती, भलतीच पकडली. पोचले कोपर्निकस मार्गावर. तिथल्या आपल्या राज्याच्या सदनाच्या कँटीनमध्ये पोहे खाल्ले. टेबलाशी लातूरची दोन पोरं, कलेक्टर व्हायच्या परीक्षेला आलेली. एक म्हणाला, "ताई, तुमचे केस टीव्हीतल्यासारखे आहेत." त्याच्या आईसाठी एक डबा घेतला. आतापर्यंत नऊ.

गुरु. १३
लिहायला नको वाटतंय.

अकरा वाजता अम्माजीच्या अंगणात उन्हाला आठ बायका जमल्या, भुईमुगाच्या शेंगा सोलत. सगळ्यांचे केस चप्प, मी खूष. अम्माजीची सून रेखाभाभी पुढे होऊन मोढ्यावर, वेताच्या बुटक्या स्टुलावर, बसली. "मुझ पर करके दिखा." मॅडमने शिकवलं तशी भांगापासून सुरुवात केली. डबा झटकला, बोटांनी चोळलं, वरून फडक्यानं पुसून घेतलं.

वर बघते तर शेंगा फुटायच्या थांबलेल्या.

भांग पांढराफटक. सिंदूर फडक्यावर.

आमच्याकडे कुंकू कपाळाला. भांगात काही नसतंच. भाभीचा भांग रोज बघते मी, पण हाताला आठवलं नाही.

भाभी आत पळाली, भांग भरून आली, रोजच्यापेक्षा जास्त. तिचा नवरा ट्रक घेऊन कलकत्त्याला गेलाय. अम्माजी एवढंच म्हणाली, "गाड़ी रास्ते में है मेरे बेटे की."

कुणी डबा घेतला नाही. चार नंबरच्या घरातल्या बाईने काल घेतलेला डबा आणून परत ठेवला.

शुक्र. १४
भय्या, म्हणजे भाभीचा नवरा, रोज रात्री ढाब्यावरून फोन करतो. काल आला नाही. दादाला कळलं. "भाडेकरू आहोत आपण इथं. एवढी अक्कल नाही?" वहिनीने आल्याचा चहा दिला. अम्माजीने पाणी बंद केलं नाही. केलं असतं तर बरं वाटलं असतं.

रवि. १६
धुवायचा वार. टाकीच्या पाण्याला हात लावावासा वाटेना. पावडरही नाही लावली. वेणी घालून बसले. फोन अजून नाही. खाली रेडिओ बंद.

दु. चार. आला फोन. धनबादच्या अलीकडे एक्सल तुटला होता, आडरानात तीन दिवस. मला कुणी सांगितलं नाही. जिन्यातून भाभीचं हसणं ऐकू आलं, त्यावरून कळलं.

मंगळ. १८
दादाने २३ चं तिकीट आणलं. वेटिंग आहे. टीव्हीवर ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं.

रेखाभाभी जिन्यात भेटली. "एक डिब्बा मेरे लिए रख देना. कान के पीछे से लगाऊँगी, माँग छोड़के." पुढे म्हणाली, "अम्माजी को मत बताना." तिचा धरून अकरा. मॅडमचा निरोप होता, शनिवारी हिशेब, नाहीतर पेटी परत.

गुरु. २०
अम्माजीने हाक मारली. वाटलं घर सोडायला सांगणार. अंगणात त्याच बायका, आज मटार सोलत. अम्माजी मोढ्यावर बसली, डोक्यावरचा पदर खाली घेतला. पांढरे, विरळ, चिकट केस. खांदा धरलाय तिचा, हात वर जात नाही. थंडीत डोकं धुवायची भीती वाटते म्हणाली, दिवाळीनंतर धुतलंच नाही.

मी डबा हातात धरून उभी.

"खड़ी क्या है? मेरी माँग तो पंद्रह साल से ख़ाली है. मुझ पर डाल."

डबा झटकला. पांढऱ्यावर पांढरं, दिसलंच नाही काही. दहा मि. थांबले. मग विंचरत गेले, हळूहळू, टोकांना एकच थेंब. अम्माजीने डोळे मिटले होते. भाभीने आरसा आणला, तो तिने घेतला नाही. केसांतून उलटी बोटं फिरवली, वास घेतला, आणि चार नंबरवालीला म्हणाली, "तू क्या देख रही है? मटर छील."

पेटीत अजून एकोणीस आहेत. परवा शनिवार. तिकीट टीव्हीवर, वेटिंग तेवढंच.

चार नंबरवालीने मटाराचं ताट बाजूला सारलं. मोढ्यावर येऊन बसली. दोन्ही तळहातांनी भांग घट्ट झाकून घेतला आणि म्हणाली, "अब डाल."