पहिल्या खुर्चीपासून सहाव्या खुर्चीपर्यंत

६ जानेवारी
अकोल्यात आले! जुन्या शहरात खोली मिळाली आणि एका खासगी डायलिसिस सेंटरात तंत्रज्ञाची नोकरी. सहा खुर्च्या, सहा मशीन. मोठा आनंद म्हणजे बाबांचं डायलिसिसही आता इथंच. अकोट आगारात तीस वर्षं एसटी चालवलेले माझे हे खुशालराव आठवड्यातून तीनदा माझ्या नजरेसमोर बसणार. त्यांना मुद्दाम शेवटची, सहावी खुर्ची दिली. सगळ्यांचं उरकलं की निवांत त्यांच्याजवळ बसता येतं.

सेंटरातल्या कपातून चहा मात्र मी पिणार नाही. कडेला कुणाच्या तरी ओठांचा ओशट डाग होता, शी! घरून स्वतःचा पेला आणलाय, तोही तीनदा विसळते. आई मला किळसखोर म्हणते. म्हणू दे.

२० जानेवारी
रक्त नळीत गोठू नये म्हणून प्रत्येकाला हेपॅरिन द्यावं लागतं. इन्चार्ज ओमप्रकाशभाऊंनी इथली पद्धत शिकवली. बाटली एक, सिरिंज एक, सुया सहा. पहिल्या खुर्चीवरच्या भगवंतरावांपासून सुरुवात, शेवट बाबांवर. सिरिंज तीच कशी, असं मी विचारलं.

"सुई बदलून राहिलो ना आपण? मंग कावून डोकं खाते?"

कॉलेजात असं शिकवलं नव्हतं. पण नोकरी नवी, बाबांची सोय भाऊंच्या मर्जीवर. तसंच करू लागले. आता हात बसलाय, दहा मिनिटांत फेरी होते.

१२ मार्च
भगवंतरावांचा रक्ताचा रिपोर्ट आला. हिपॅटायटिस सी, लिव्हरची कावीळ. रक्तातून पसरते. त्यांना आधी बऱ्याच बाटल्या रक्त चढवलंय, त्यातूनच आली असेल, असं भाऊ म्हणाले. मला पटलं. पटवून घेतलं.

१६ एप्रिल
दुसऱ्या खुर्चीवरच्या आयशाबी. तिसऱ्या खुर्चीवरच्या सुभद्राबाई. दोघींनाही तेच.

आज फेरीनंतर सिरिंज उजेडात धरली. आत गुलाबी रेघ. टोचताना नळीतलं रक्त थोडं मागं ओढलं जातं. सुई बदलते, रक्त आत तसंच. मग तीच सिरिंज बाटलीत. बाटलीही पाहिली. रबराच्या बुचावर तपकिरी खपली, आतलं औषध फिकट गुलाबी.

हे मी बाबांना दिलंय. तीन महिने.

१८ एप्रिल
बाटली फेकली. पदरच्या पैशानं सिरिंजा आणल्या, प्रत्येकाला वेगळी. भाऊ चिडले. वर म्हणाले की रजिस्टरमध्ये सही तुझीच आहे, बोंब मारशील तर तूच अडकशील. पाहिलं. दर पाळीला, सहाही नावांपुढे — पौर्णिमा, पौर्णिमा, पौर्णिमा.

२ मे
चौथी खुर्ची. पाचवी.
रोग माझ्याच वाटेनं आला. माझ्याच पावलांनी.

७ मे
बाबांचं रक्त तपासायला दिलं. कशाला, ते विचारलं नाही त्यांनी. पोरीवर विश्वास.
हात धुते. परत धुते. वास जात नाही — गुळचट, गंजका —

९ मे
रिपोर्ट आला. सहावी खुर्ची.
गोळ्यांनी बरं होतं म्हणे. होवो. पण माझे हे हात —
भाऊ म्हणतात, बापाले सांगू नको. सगळ्यांना सांगणार. आत्ताच. आधी बाबांना —
त्यांच्या खुर्चीजवळ गेले. ते बाही वर करून बसलेत. हसले. म्हणाले, "तूच लाव वं माय. तुह्या हातची सुई दुखत नाई मले."
बाबा, हाच तो हात —