खोली नंबर तीन-अ

प्रिय गौरव,

'प्रिय' हाताच्या सवयीनं लिहिलं, हुरळून जाऊ नकोस.

लोणावळ्याचा आपला स्टुडिओ आठवतो? लग्नाच्या व्हिडिओच्या प्रत्येक प्रतीत तू एक वेगळी बारीक खूण टाकायचास. कुणी प्रत परस्पर फिरवली की खूण बघून ती कुणाच्या घरातून फुटली ते सांगायचास. त्या खुणांची वही मी लिहायचे.

नवरा असून तू माझा हात मोडलास, त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून मी लपून आहे. कोर्टानं तुला माझ्याजवळ यायला बंदी केली, तेव्हा तू साळसूदपणे सांगितलंस की ती राहते कुठं हेही मला ठाऊक नाही. पोटासाठी मी एका चॅनलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकायचे, नाव नाही, चेहरा नाही, फक्त हात. तू ते हात ओळखलेस.

मग तुझी तक्रार आली. व्हिडिओत मागे वाजणारं माझ्या आईचं आवणीचं, भातलावणीचं गाणं म्हणे तुझ्या मालकीचं! कार्ला गावच्या भातखाचरात ते मी माझ्या फोनवर घेतलं होतं, तू बूट भरतील म्हणून बांधावर उभा होतास. चॅनल बंद पडलं. उलट हरकत घ्यायची तर खरं नाव, पत्ता भरायचा, आणि तो थेट तक्रारदाराच्या हातात. गाणं तुला नकोच होतं, पत्ता हवा होता. माझ्या वकील अनघाताई म्हणाल्या, असे नियम बड्या देशांनी व्यापार करारांतून जगभर पसरवलेत. त्यांत गाण्याच्या मालकाची काळजी आहे, लपलेल्या बाईची नाही. दोन दिवस मी नुसती धुमसत होते. तिसऱ्या दिवशी ती वही आठवली.

देहूरोडला महिन्यासाठी खोली घेतली. सगळ्या चाळीला ती तीन नंबर. मी दारावर पुढे 'अ' रंगवला. तीन-अ हा पत्ता दोनच कागदांवर होता. एक भाडेकरार, तो अनघाताईंच्या कपाटात. दुसरा माझ्या उलट हरकतीचा, तुझ्याकडे गेलेला अर्ज. आईलासुद्धा सांगितला नव्हता.

रविवारी तू आलास. मी तिथं नव्हतेच. घरमालकीण नंदामावशी अजून हसतात, "लय ग्वाड बोलत व्हता. तीन-अ कुटं हाय म्हून इचारलं. म्या म्हनलं, आदी त्या कॅमेऱ्याकडं बगा."

अनघाताई म्हणाल्या, त्याला आधी काही कळवू नका. पण चित्रण आणि अर्जाची प्रत काल कोर्टात जमा झाली, आता तुला काही पुसता येणार नाही. पुढच्या गुरुवारी न्यायाधीश विचारतील, तीन-अ तुम्हाला कुणी सांगितलं? हरकतीच्या अर्जातून कळला म्हणालास तर पत्त्यासाठी केलेल्या खोट्या तक्रारीत अडकशील, पाळत ठेवून कळला म्हणालास तरी अडकशील. दीड वर्ष दाराची कडी वाजली की मी दिवा मालवून दाराआड उभी राहायचे. गुरुवारपर्यंत तूही कडीकडे कान लावून बसावंस, एवढ्यासाठी हे पत्र.

पाकिटावर माझा पत्ता शोधू नकोस.

तुझीच शिष्या,
रेणुका