वर्कशॉपला कुलूप

४ जून
‘सहकाऱ्यांनो, आपलं वर्कशॉप बंद होणार, हे आपल्याला शिपायाकडून कळावं?’ – उद्या अशीच सुरुवात करणार. विद्वत परिषदेत एकही मान खाली राहता कामा नये!

म्हणे पहिल्या वर्षाला वर्कशॉप नको. ‘श्रेयांक जुळत नाहीत.’ त्याऐवजी पडद्यावर लेथ फिरताना बघायचं, चार प्रश्नांवर टिचक्या मारायच्या, झाले इंजिनिअर! कानस हातात न धरता? पोहायला पण पुस्तकातूनच शिकवा मग! यंत्रं महिनाअखेर लिलावात. एकदा गेली की गेलीच.

५ जून
बोललो. घसा बसेपर्यंत बोललो. टाळ्या! कुलगुरू हसतमुखाने म्हणाले, “सुरेख! आणखी कोणाला काही?” सभागृह चिडीचूप. “मग मूळ प्रस्ताव संमत.” संपलं!

मघाशी टाळ्या वाजवणारे तेच हात आता मांडीवर. शेळपट लेकाचे! चहाच्या टेबलावर वाघ, सभेत मांजर. आणि आमच्या सौ.! गणित विभागाच्या प्रमुख, तिसऱ्या रांगेत, पेनचं टोपण काढतायत आणि लावतायत. तोंडातून अक्षर नाही.

६ जून
बायकोशी अबोला.

९ जून
दुसऱ्या वर्षाची एक मुलगी जिन्यात भेटली. “सर, तुमचं भाषण सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतंय. जाम भारी!” मी फुललो. “पण सर, कुलूप तर लागलंच ना?” चेहरा अगदी निरागस. तिच्यावर काय चिडणार! घरी येऊन दार आपटलं.

११ जून
अजून अबोला. ही रोज संध्याकाळी कुठेतरी जाते. आज स्थापत्यवाल्यांकडे, काल त्या बुळ्या ग्रंथपालाकडे. जाऊ दे! गप्प बसणाऱ्यांची मैफल जमत असेल.

१४ जून
आज तीच बोलली. “अनुमोदन द्यायला मी टपून बसले होते रे. पण कशाला देणार? ‘मी या प्रस्तावाला दुरुस्ती मांडतो’ हे तू म्हणालासच नाहीस! नुसतं भाषण केलंस.”

“मग तू मांडायचीस!”

“कुलगुरूंचं ‘आणखी कोणाला काही?’ नुसतं विचारण्यापुरतं. बोलायला नाव आदल्या दिवशी द्यावं लागतं. तू बोलणार म्हटल्यावर बाकी कोणी दिलंच नाही.”

मग एक कागद पुढे सरकवला. फेरविचारासाठी खास सभेची मागणी. दहा सदस्यांच्या सह्या लागतात – नऊ झालेल्या. स्थापत्यवाले दोघे. ग्रंथपाल. मी ज्यांना शेळपट म्हणालो, ते सगळे! मी दारं आपटत होतो, तेव्हा ही त्यांची दारं ठोठावत होती.

“दुरुस्ती मी मांडणार. तू आधी सही कर. आणि सभेत भाषण नको. उठायचं, ‘माझं अनुमोदन’ म्हणायचं, खाली बसायचं.”