माझं आधीच झालंय

७ मे

ताई,

नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत, तुम्हीही बरे असाल. असं आधी लिहितात म्हणून लिहिलं. सात महिने मी पत्र पाठवलं नाही, तूही नाही. आधी कोण वाकलं हे आता काढत बसू नये. बातमी आहे म्हणून लिहितोय. दुसऱ्या कुणाकडून कळली असती तर तू मला जन्मभर ऐकवलं असतंस.

बाळ होणार आहे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आत्ता सहावा लागलाय.

तू विचारायच्या आधीच सांगतो, सगळी तयारी चालू आहे. मला वजनकाटे दुरुस्तीच्या दुकानात काम मिळालंय. मालकांना सगळे काटेमामा म्हणतात. किराणावाल्यांचे, भंगारवाल्यांचे, सोनाराचेसुद्धा काटे आमच्याकडे येतात. वजन आणि वस्तुमान यांतला फरक मी कॉलेजात दोनदा चुकलो होतो, इथे पहिल्या आठवड्यात कळला. काटेमामांचा एकच नियम आहे. काट्याला शिव्या घालायच्या नाहीत. आधी शून्य बघायचं, मग वजनाचा ठोकळा मधोमध ठेवायचा, मग चारही कोपऱ्यांवर, आणि मगच तोंड उघडायचं. "तुझं आधी तोंड उघडतं, मग ठोकळा," असं ते मला रोज म्हणतात. तुमची दोघांची ओळख करून द्यायला हवी.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली टायरचं दुकान. खिडकी एकच, पण मोठी. हिने केस धुऊन खिडकीत वाळवायला सोडले की खोलीत दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. मला चालतं.

तिने औषधांच्या दुकानातली नोकरी सोडली. दिवसभर काउंटरवर उभं राहायचं, ते आता जमणार नाही. म्हणजे एकाच पगारात सगळं बसवायचंय. बसवलंय. बाळंतपणासाठी पाच हजार, सरकारी दवाखाना असला तरी वरखर्च असतोच. रिक्षासाठी दोनशे वेगळे, कारण वेळ आली की रिक्षावाल्याशी घासाघीस करायची नाही, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलंय. भाडं दोन महिने पुढचं. दुपट्यांसाठी शेजारच्या आजींनी जुन्या चादरी दिल्या, मऊ आहेत. पाळणा नाही, पण बाळाचा काटा आहे! एका दवाखान्याने मोडीत काढलेला, मी स्प्रिंग बदलली, शून्यावर आणला. पाळणा नाही आणि काटा आहे असं जगातलं हे एकच घर असेल.

सगळे पैसे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. आणि ऐक, दर शनिवारी मोजतो तेव्हा माझ्या अंदाजापेक्षा जास्त निघतात. कधी शंभर, कधी दीडशे. मी दोनदा मोजतो, तरी जास्तच. तू म्हणाली होतीस ना, तुझी ती चार दिवसांत कंटाळून माहेरी जाईल, तिला संसार काय कळतो? तर कळतो. माझ्यापेक्षा चांगला कळतो. संध्याकाळी मी येतो तोवर ताट वाढलेलं असतं. तिला सारखी भूक लागते म्हणून ती आधी जेवून घेते. "माझं आधीच झालंय, तू बस," म्हणते आणि समोर बसून दिवसभराचं सांगते. मी जेवतो कमी आणि बघतो जास्त.

काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. गैरसमज नको.

भाऊजींना नमस्कार.

तुझा भाऊ


९ जून

ताई,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं तर. सात महिन्यांनी तू मला एक ओळ लिहिलीस. "डब्यात जास्त पैसे निघतात हे वाचलं. ती काय जेवते?"

मी ते फाडणार होतो. तिने हातातून काढून घेतलं, वाचलं, घडी केली आणि डब्याखाली ठेवलं. मी म्हणालो, "बघितलंस? टोमणा मारायची एक संधी सोडत नाही." ती म्हणाली, "टोमणा नाहीये तो." आणि विषय बदलला. मी तिला उपाशी ठेवतो असं तुला म्हणायचं असेल तर स्पष्ट म्हण. मी त्या दिवशी तुझ्या दारात उभं राहून जे बोललो ते तू विसरली नाहीस हे मला कळलं. मीही विसरलेलो नाही.

त्यात आज दवाखान्यातही तेच. दर महिन्याला सिस्टर वजन घेतात आणि कार्डावर लिहितात. चौथ्या महिन्यात सत्तेचाळीस, पाचव्यात अठ्ठेचाळीस, सहाव्यात पुन्हा सत्तेचाळीस सातशे. आणि आज, सातव्यात, सत्तेचाळीस दोनशे. सिस्टर म्हणाल्या, "वजन वाढायला हवं की कमी व्हायला? काय खाता तुम्ही?" ही म्हणाली, "सगळं." मी म्हणालो, "काटा चुकीचा आहे."

मी उगाच म्हणालो नाही. मी आधी शिक्का बघितला होता. काट्याची तपासणी गेल्या वर्षीच व्हायला हवी होती, झालेली नाही. सिस्टर म्हणाल्या, "अहो, या काट्यावर महिन्याला शंभर बायका चढतात. बाकी सगळ्यांचं वाढतं. तुमच्याच बायकोशी त्याचं वैर आहे का?" रांगेतल्या सगळ्या हसल्या. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. ही माझी बाही ओढत होती. शेवटी सिस्टरनी हात जोडले आणि म्हणाल्या, "गुरुवारी या आणि तुम्हीच तपासून दाखवा. बरोबर निघाला तर मात्र माझं ऐकायचं."

तर गुरुवारी ठोकळे घेऊन जातोय. काटेमामांना विचारलं. ते ठोकळे पुसत म्हणाले, "ने. पण काटा बरोबर निघाला तर काय करशील, ते आजच ठरव."

मी काही ठरवलेलं नाही, कारण काटा चुकीचाच आहे.

तुझा भाऊ


१४ जून

ताई,

काटा बरोबर आहे.

क्रमाने सांगतो. गुरुवारी सकाळी सायकलच्या मागे वीस किलोचे दोन ठोकळे आणि पाचाचा एक, असे पोत्यात बांधून नेले. ही बसने आली. रांगेतल्या बायका बाकांवरून उठून बघायला उभ्या राहिल्या. मी शून्य बघितलं. बरोबर. पाच किलो मधोमध ठेवला, पाच. चारही कोपऱ्यांवर ठेवला, पाच, पाच, पाच, पाच. मग सगळे ठोकळे. पंचेचाळीस. परत काढले, परत ठेवले. पंचेचाळीस. मी तिसऱ्यांदा काढायला लागलो तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "पुरे हो आता, काट्याला नजर लागेल." कुणी हसलं नाही. कदाचित माझा चेहरा बघून.

मग ही स्वतःच चपला काढून काट्यावर चढली. सत्तेचाळीस. तीन दिवसांत आणखी दोनशे ग्रॅम कमी.

सिस्टरनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. त्या म्हणाल्या, दर आठवड्याला वजन करायचं, दिवसातून चार वेळा खायचं, दूध, अंडी, फळं, आणि जेवताना कुणीतरी समोर बसून बघायचं. बाळ लहान आहे. असंच चाललं तर वेळेआधी येईल, आणि इतक्या लहान बाळाला ठेवायची सोय त्यांच्याकडे नाही.

घरी आलो. दुपारची वेळ होती, आम्ही दोघं एरवी दुपारी एकत्र कधीच नसतो. मी म्हणालो, जेवायला वाढ, दोघांचं. तिने वाढलं. मी बाळाचा काटा खाली घेतला आणि आधी माझं ताट ठेवलं, मग तिचं. ताटाचं वजन वजा करून माझं चारशे तीस ग्रॅम. तिचं एकशे चाळीस.

ती म्हणाली, "आता माझ्या ताटावरही शिक्का मारणार का?"

मी विचारलं, कधीपासून? तिने सांगितलं. एप्रिलपासून.

इथे तुला एक गोष्ट सांगायला हवी. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तिने नोकरी सोडली. तिने सोडली नाही. औषधांच्या दुकानाचा मालक तिला म्हणाला होता, "खाली बसून गोळ्यांची पाकिटं भर, अर्धा दिवस ये, अर्धा पगार देतो." तिला ते चालणार होतं. मला चालेना. मी दुकानात गेलो, गिऱ्हाइकांसमोर त्याला नाही नाही ते बोललो, काउंटरवरची काच फुटली. मुद्दाम नाही, पण हात माझाच होता. काचेचे पैसे तिच्या पगारातून कापले आणि अर्ध्या दिवसाचं कामही गेलं. ती मला एका शब्दाने बोलली नाही. मला वाटलं, प्रेम आहे म्हणून बोलली नाही. प्रेम होतंच. पण मनातल्या मनात तिने बेरीज केली होती. जेवढं माझ्या तोंडामुळे गेलं, तेवढं आठवड्याला थोडं थोडं करून डब्यात परत टाकायचं. कुठून टाकणार? दूध बंद केलं. अंडी माझ्यासाठी आणली. सकाळचं खाणं मी कामावर गेल्यावर, म्हणजे नाहीच. आणि संध्याकाळी, "माझं आधीच झालंय."

मी शनिवारी डबा मोजून तुला कौतुकाने लिहीत होतो.

"मला सांगायचंस ना," मी म्हणालो. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तू आणखी कुणाची तरी काच फोडली असतीस."

मग तिने डब्याखालचं तुझं पत्र काढलं. तिच्याच ताटाशेजारी ठेवलं. म्हणाली, "ताईंनी एका ओळीत ओळखलं. कसं, ते विचारलंस का स्वतःला?"

विचारलं. काल दिवसभर काम करताना तेच डोक्यात होतं. आई गेल्यावर तू मशीनवर परकर आणि उशांचे अभ्रे शिवायचीस, आणि मी शाळेतून, नंतर कॉलेजातून यायचो तेव्हा माझं ताट झाकलेलं असायचं. तू मशीनवरून मान वर न करता म्हणायचीस, "माझं आधीच झालंय, तू बस." रोज. मला वाटायचं तुला लवकर जेवायची सवय आहे. माझी दुसऱ्या वर्षाची फी भरलीस त्या वर्षी तुझ्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. मी चेष्टाही केली होती. त्याच फीचं कॉलेज मी मधेच सोडलं.

तीच चाल, तेच शब्द. घरात दोन बायकांच्या तोंडून एकच वाक्य ऐकलं आणि दोन्ही वेळा पोटभर जेवून उठलो.

हे सगळं लिहिलं, पण ज्यासाठी लिहायला बसलो ते अजून लिहिलेलं नाही. आता लिहितो.

मी सकाळी आठला जातो, संध्याकाळी सातला येतो. तिच्यासमोर बसून बघायला इथे कुणी नाही. शेजारच्या आजी आहेत, पण त्यांनाच दिसत नाही. बाळ होईपर्यंत तिला तुझ्याकडे ठेवशील का? अडीच महिने. तुझ्या गावातही दवाखाना आहे, सिस्टरनी कागद करून दिलेत. डबा तिच्याबरोबर पाठवीन. मी इथे राहीन, काम सोडून चालणार नाही, दर रविवारी येईन. तिच्याशिवाय ही खोली कशी दिसेल याचा विचार मी करत नाहीये. केस वाळवायची ती खिडकी नुसती खिडकी होईल, एवढंच.

तिला विचारलं तेव्हा आधी चिडली. "मी काय सामान आहे, इथून उचललं आणि तिथे ठेवलं?" मग म्हणाली, "जाईन. पण तू ताईंना दारात काय बोलला होतास ते मला माहीत आहे. ते आधी परत घे. कागदावर. मी वाचेन, मगच पाकीट बंद करायचं."

ती शेजारी बसून अंडं खातेय आणि वाचतेय. तर, मी म्हणालो होतो, आम्ही उपाशी मरू पण तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. तरी मी गल्लीच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत तू दार उघडं ठेवलं होतंस. ते वाक्य मी परत घेतो. त्यातलं अर्धं खरं करायला निघालो होतो, हे मला कळलं नाही. चूक काट्याची नव्हती.

हे पत्र तुला बुधवारपर्यंत मिळेल. नाही म्हणायचं असेल तर दुकानात फोन कर, नंबर मागे लिहिलाय. काटेमामा उचलतील, त्यांना नुसतं "नाही" सांगितलंस तरी पुरे. फोन आला नाही तर रविवारी सकाळच्या बसने निघू, अकराला तुझ्या दारात असू.

जेवून येणार नाही आहोत. तीन ताटं वाढ. भाऊजी घरी असतील तर चार. आणि तू आमच्याबरोबर बस. यावेळी तुझं आधीच झालेलं मी चालवून घेणार नाही.

तुझा,
उपाशी