हे तळं नव्हे

एव्हर्ट,

बाबांना तुझं नाव आठवतं, माझं नाही. मला ते नर्सबाई म्हणतात.

आठवडाभर त्यांचा एकच हट्ट चाललाय, एव्हर्ट पोहायला शिकला ते तळं दाखवा. मी रोज त्यांना गाडीत घालून माळावर नेते. आपल्या ड्रेंथ प्रांतात तळी काय, शेकड्यांनी. सगळी काळ्या पाण्याची, सगळी सारखी. बाबा काठावर उभे राहतात आणि काठी आपटतात. "हे नव्हे. चला." काल सहाव्या तळ्यावर म्हणाले, "सरकारनं तळं हलवलं की काय, नर्सबाई?"

माझे पाय भरून आले होते. तिथून सातव्यावर गेलो, तेव्हा मी खोटंच सांगितलं, "हेच ते, बाबा."

ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग ओरडले, "एव्हर्ट, बाहेर ये रे! गारठशील. मी रागावलो नाहीये."

तू भांडून घर सोडलंस त्याला बावीस वर्षं झाली. हे वाक्य ऐकायला तू काय वाटेल ते दिलं असतंस, मला ठाऊक आहे. त्यांनी पुन्हा हाक मारली, तेव्हा आवाज फाटला. मला राहवेना. त्यांच्या पाठीमागून मीच म्हणाले, "आलो, बाबा."

त्यांनी वळून आपल्या मफलरनं माझे कोरडे केस खसाखसा पुसले.

ही माफी तुझी आहे, तुला पोचवायला हवी. सकाळपासून फोन उचलते आणि ठेवते. इतकी वर्षं मी त्यांच्याजवळ राहिले, एव्हर्ट. माझे केस त्यांनी कधी पुसले नव्हते.

रुलीना