एकेचाळिसावा नमुना

२ तारीख, सोमवार

पोचलो एकदाचा. बसून बसून पाठीचा पार भुगा झाला होता, पण दादा स्टँडवर उभा दिसला आणि सगळा शीण पळाला. मला बघून पहिलं काय म्हणाला, तर या वेळी निदान महिनाभर तरी टिक बाबा. दोन वर्षांत मी चार नोकऱ्या सोडल्या. वहिनी म्हणते माझ्या पायाला भिंगरी आहे. दादा म्हणतो भिंगरी कसली, इंजिनच आहे.

इथं कारखान्यात पाण्याच्या टाकीखालचे लोखंडी सांगाडे बनतात. दादा वेल्डर आहे, सात वर्षं झाली त्याला. क्रेन चालवणारा एक उंच काटकुळा माणूस आहे, त्याला सगळे खिळा म्हणतात. त्यानं मला खालीवर बघितलं आणि दादाला विचारलं, हा तुझा भाऊ, की तुला कापून उरलेला तुकडा? दादा पोट धरून हसला. खोली लहान आहे पण खिडकी मोठी. बरं वाटलं.

३ तारीख, मंगळवार

माझं काम शेडमध्ये नाही, ऑफिसात. खुर्चीवर! सहावीत शाळा सोडलेला मी कॉम्प्युटरपुढं बसलोय हे आमच्या मास्तरांनी बघितलं तर आडवे होतील.

इंजिनिअर मॅडमनी सगळं समजावलं. सांगाडा बांधायच्या आधी तो कॉम्प्युटरात काढायचा, त्याच्यावर वजन टाकायचं आणि कुठं वाकतो, कुठं तुटतो ते बघायचं. निळं म्हणजे निवांत, लाल म्हणजे गेलं. हा प्रोग्राम खूप लोकांनी मिळून लिहिलाय आणि सगळ्यांना खुला ठेवलाय. पण तयार मिळत नाही. कोड आणायचा आणि आपल्या मशीनवर आपणच बांधून काढायचा. कच्चा शिधा आणून घरी रांधावा तसं. मॅडमना परवा दुसऱ्या साइटवर जायचंय, म्हणून काय काय टाईप करायचं ते त्यांनी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिलं. एक-एक अक्षर बघून टाईप कर, आणि रोज काय केलंस, काय दिसलं ते लिहून ठेव, म्हणाल्या. ही वही दादानं आणून दिली. माझ्या हातात वही बघून त्यालाच जास्त आनंद.

५ तारीख, गुरुवार

हा प्रोग्राम म्हणजे रुसलेला जावई आहे. दर दहा मिनिटांनी अडतो. हे नाही, ते नाही. जे नाही ते आणून दिलं की पुढं सरकतो, मग नवीन काहीतरी मागतो. आज सात वेळा अडला. मॅडम जाताना म्हणाल्या की असंच असतं, कंटाळू नकोस.

मधेच तो थांबला आणि नाव विचारलं. एवढं इंग्रजी मला येतं. कागदावर हा प्रश्न नव्हता. मला वाटलं, शाळेच्या फॉर्मावर असतं तसं पालकाचं नाव असेल. वडील गेल्यापासून माझ्या प्रत्येक फॉर्मावर दादाचंच नाव आहे. सवयीनं तेच टाकलं, पूर्ण. मग मात्र सुसाट चालला. एकदाही अडला नाही.

९ तारीख, सोमवार

झाला! सकाळी इन्स्टॉल पण केला. डिस्क गच्च भरली होती म्हणून ज्या फोल्डरात बांधकाम केलं तो सगळा उडवून टाकला. घर बांधून झाल्यावर बांबू कशाला ठेवायचे. मालकांनी येऊन पाठ थोपटली. दादा दारातून बघत होता. त्याला आत बोलावलं तर बुटाला माती आहे म्हणाला.

प्रोग्रामबरोबर नमुने येतात, तपासून बघायला. तुळई, पत्रा, भोक पाडलेला पत्रा. एक-एक उघडून बघितले. एकेचाळिसावा वेगळाच आहे. माणूस आहे. बारीक बारीक त्रिकोणांचा, ओणवा, एक हात पुढं केलेला. डावा खांदा जरा खाली.

दादाचा डावा खांदा असाच खाली आहे. गंमत वाटली. त्याच्या डाव्या गुडघ्यावर लाल ठिपका होता.

१० तारीख, मंगळवार

दादाचा गुडघा गेला. डावा. जिना उतरताना एकदम दुमडला. डॉक्टर म्हणाले काही झालेलं नाही, चरबी कमी करा. खिळा म्हणाला, या अंगावर चरबी शोधायला डॉक्टरला भिंग लागेल. सगळे हसले. मीही हसलो.

१२ तारीख, गुरुवार

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या नमुने चाळीसच आहेत, नीट मोज. तिसऱ्यांदा मोजले. एकेचाळीस. नावाबद्दल विचारलं, तर म्हणाल्या प्रोग्राम कुणाचं नाव बिव विचारत नाही, तू दुसरंच काहीतरी उघडलं असशील.

दुपारी तो माणूस हलायला लागला. मी काही दाबलं नव्हतं. पडद्यावरून खाली घसरत होता, हळू. तेवढ्यात शेडमध्ये आरडाओरडा. गुडघा बांधून वर चढलेला दादा वीस फुटांवरून घसरला. कमरेच्या पट्ट्यानं धरला म्हणून वाचला. वर ओढून घेतल्यावर म्हणाला, खालचं सगळं एकदम गुळगुळीत झाल्यासारखं वाटलं, पाय कुठं ठरेनाच.

पडद्यावर तो अजून घसरतोच आहे. मॅडमना फोन केला, माणसाचं नाही, नुसतं घसरण्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, तू आधार दिला नसशील. जी वस्तू कुठंच धरलेली नाही तिचा हिशेब प्रोग्रामला करता येत नाही, ती पळत सुटते. खालच्या बिंदूंवर जा आणि ‘घट्ट’ कर.

मी दोन्ही तळपाय निवडले आणि घट्ट केले. तो थांबला. निळा झाला. बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

१३ तारीख, शुक्रवार

दादाचे पाय जमिनीवरून उचलत नाहीत.

सकाळी शेडमध्ये टेबलापाशी उभा राहिला तो राहिलाच. आधी सगळ्यांना वाटलं चेष्टा करतोय. खिळ्यानं बगलेत हात घालून उचलायला बघितलं. मग चौघांनी. बूट कापून काढले. तळवा आणि फरशी यांच्या मधे नखसुद्धा जात नाही. बसायला स्टूल दिलंय. डॉक्टर येऊन सुई टोचून गेले, नस दबलीय म्हणाले, पण माझ्याकडं बघत नव्हते. फरशी फोडू म्हणून छिन्नी आणली. दादापासून हातभर लांब पहिला घाव घातला आणि दादा किंचाळला. तेवढ्या फरशीवर मारलं तरी त्यालाच लागतं.

मी घट्ट केलेलं सोडवायला गेलो. पडद्यावर फक्त एवढंच येतंय: काम चालू आहे, वजन १०पैकी २.

१४ तारीख, शनिवार

वजन ४. दादा म्हणतो खांद्यावर कुणी बसल्यासारखं वाटतंय. मी धरून ठेवला नसता तर खाली तरी गेला असता. आता सगळं वजन अंगातच साठतंय. हे मी केलं. त्याला सांगितलं. तो म्हणाला, वेड्या, तुझ्या टाईप करण्यानं माझे पाय चिकटायला तू काय मांत्रिक आहेस का. मग म्हणाला, आज जेवलास का.

मशीन बंद केलं. वायर काढली. चालू केलं की जिथं थांबलं तिथूनच पुढं.

खिळ्याला पडदा दाखवला. तो बाहेर जाऊन दादाजवळ बसला. दिवसभर उठला नाही.

१५ तारीख, रविवार

वजन ५. प्रोग्राम थांबतच नाही म्हणून मॅडमना फोन केला, तर म्हणाल्या काढून टाक प्रोग्राम. ज्या फोल्डरात बांधलास तिथं जा, तिथं सगळ्याची यादी असते, ‘काढ’ असं सांग. मी म्हणालो फोल्डर उडवला. त्या म्हणाल्या, अरे, तो कधी उडवायचा नसतो. आता त्याचे तुकडे मशीनभर विखुरलेत, यादीशिवाय कुठं शोधणार.

एकच वाट आहे, म्हणाल्या. तसाच्या तसा पुन्हा बांधायचा, म्हणजे यादी परत तयार होईल, मग काढायचा. पण जे आधी दिलंस तेच सगळं द्यायचं, नाहीतर यादी जुळणार नाही.

वहिनीचा फोन आला. दादा हसत बोलला. पाय कसले दुखतायत, म्हणाला, मस्त बसून आहे, आयुष्यात पहिल्यांदा.

१६ तारीख, सोमवार

सकाळपासून बांधतोय. नाव विचारलं. तेच दिलं. दादाचंच, पूर्ण.

बांधकाम शंभरातलं ३१. वजन ६.

बांधकाम ५८. वजन ७. पडद्यावर दादाच्या बरगड्या लाल. त्याला दीर्घ श्वास घेता येत नाही. मालक म्हणतात मोठ्या दवाखान्यात न्या. नेणार कसं?

मशीनला घाई नसते. मी नुसता आकड्याकडं बघतोय. आयुष्यात कधी इतका वेळ एका जागी बसलो नव्हतो.

१७ तारीख, मंगळवार

बांधकाम ८४. वजन ८.

दादानं बोलावलं. जवळ गेलो तर माझ्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाला महिना झाल्याशिवाय पळू नकोस. शब्द तुटक येतात आता. मधे मधे —

९१. वजन अजून ८.

९७.

शंभर. शंभर झालं!

‘काढ’ टाईप केलं. मॅडम फोनवर आहेत. म्हणाल्या आता काहीही दाबू नकोस, अर्धवट राहिलं तर कधीच निघणार नाही. म्हणून लिहितोय. हात वहीत अडकलेले बरे.

एक-एक ओळ येते. हे काढलं. ते काढलं. मशीन जुनं आहे, हळू जातंय.

शेडमधून ओरडा आला. खिळ्याचा आवाज. डावा पाय सुटला! डावा पाय उचलला! सगळे टाळ्या वाजवतायत. मी इथं एकटाच रडतोय. मॅडम विचारतायत काय झालं —

उजवापण! दोन्ही! चालतोय. खिडकीतून दिसतोय, खिळ्याला धरून, लहान मुलासारखा —

ओळी बदलल्या. आता नमुने काढतोय. नमुना १. नमुना २.

मॅडमना विचारलं, यादीत असेल ते सगळंच जातं का. हो, सगळंच, म्हणाल्या. जे बांधलंस ते सगळं.

नमुना १७.

थांबवायला बटण कुठलं? सगळी दाबून झाली. वायर काढली तर परत तिथूनच — आणि अर्धवट राहिलं तर —

२९. दादाला ओरडून सांगितलं लांब जा, पळ. कुठं पळ, ते मलाच माहीत नाही. त्याला वाटलं मी आनंदानं ओरडतोय.

३४. मॅडम म्हणतात चाळीसच आहेत. चाळीसला थांबेल. चाळीसच आहेत.

३८

दादा इकडंच येतोय. खिळ्याचा हात सोडून, एकटा. बघ, चालतोय बघ, म्हणतोय

३९

खिडकीशी आलाय. काचेवर हात ठेवलाय. श्वासानं काच धुरकट झाली, तो पुसून आत बघतोय, हसतोय, मी पण माझा हात काचेवर

४०

दादा मागं सर, दा